गुरांमागची शाळा

1917 साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत धाडलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळात मजुराच्या घराला हा रुपया फार जड होता. तरीसुद्धा पुढची कितीतरी दशकं, संस्थानात काय आणि इंग्रजी मुलखात काय, खेड्यातल्या शाळा अर्ध्या रिकाम्या असायच्या. मुलं कुठं गेलीत हे मास्तरांनाही ठाऊक असे आणि दंड वसूल करणाऱ्यालाही. ती गुरांमागे गेलेली असत.

शिक्षणाच्या इतिहासात या मुलांची नोंद गैरहजर एवढीच होते. दिवसभर माळावर ती काय शिकत होती, त्यांना कोण शिकवत होतं आणि त्या शिकवण्यात काय चुकत होतं, हे कुठल्याच दप्तरात लिहिलेलं नाही. मी पशुवैद्य आहे. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकले, सातारा-सोलापूरकडच्या सरकारी दवाखान्यांत नोकरी केली आणि निवृत्त झाले. जनावराच्या अंगात काय चालतं ते मला परळनं शिकवलं. जनावराजवळ जायचं कसं, हे मात्र त्याआधीच माणदेशातल्या आमच्या माळावर आबांनी, माझ्या आजोबांनी, शिकवलं होतं. दोन्ही शाळा मी पाहिल्या आहेत, म्हणून पहिल्या शाळेचा इतिहास लिहून ठेवणं मला माझं कामच वाटतं.

आमच्या भागात मुलाच्या हाती मोठं जनावर एकदम देत नसत. पाच-सहा वर्षांच्या पोराकडं कोंबड्या. सांजेला मोजून डालग्याखाली घालायच्या, सकाळी सोडायच्या, खुडूक बसलेलीला डिवचायचं नाही. मग करडं. शेळ्या रानात गेल्या की करडं मागं घरी राहतात; त्यांना पाला टांगून द्यायचा, ऊन-सावली बघायची, आणि शेळ्या परत आल्या की ज्याचं त्याच्या आईला लावायचं. कुठलं करडू कुणाचं हे अंधारातही कळायला लागलं की पोराच्या ताब्यात शेळ्या. मग वासरं-कालवडी, मग दुभतं जनावर, आणि सगळ्यात शेवटी बैल. आमच्याकडचा बैल खिलार. देखणा, चपळ आणि तापट. परका माणूस दिसला की कान टवकारतो आणि मान खाली घालतो. मिसरूड फुटल्याशिवाय पोराला बैलाचा कासरा मिळत नसे, आणि पोरीला तर तो मिळतच नसे. मी हट्ट धरला तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "दीन की. पर आदी शेरडं नीट राख."

शेरडं नीट राखणं म्हणजे काय, ते त्यांनी शेळीची एक पाठ माझ्या नावानं वाट्यानं देऊन शिकवलं. वाट्यानं जनावर देण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. मालकाची पाठ किंवा कालवड दुसऱ्यानं सांभाळायची, चारापाणी त्याचं, आणि पुढं होणारी करडं-वासरं दोघांत वाटून घ्यायची. भूमिहीन घरांनी याच वाटेनं स्वतःची चार शेरडं उभी केली. आबांनी नातीशीही तोच करार केला आणि त्याला एक अट घातली. करडू मेलं तर कशानं मेलं ते त्याच दिवशी सांगायचं, लपवायचं नाही. मरतुक झाली म्हणून मार बसणार नव्हता. लपवली तर वाटा जाणार होता. पुढं नोकरीत साथींच्या मागं फिरताना या अटीची किंमत मला कळली. रोग गावभर पसरतो तो बहुतेक वेळा पहिल्या गोठ्यातलं पहिलं आजारी जनावर दडवल्यामुळं.

आबांचे नियम थोडे होते, पण ते रोज सांगितले जात. "कासरा हातात धरायचा, हाताला गुंडाळायचा न्हाई." हा सगळ्यात मोठा. बैल बुजला की पळणारच. कासरा हातात असेल तर सुटतो, मनगटाला वेढे दिलेले असतील तर पोर फरफटत जातं. असे खरचटलेले, हात मोडलेले, काही वेळा जिवानिशी गेलेले लोक माणदेशात प्रत्येक पिढीनं पाहिले आहेत. दुसरा नियम, जनावराच्या मागून गुपचूप जायचं नाही. आवाज द्यायचा, त्याला दिसेल असं बाजूनं जायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि मग कामाला लागायचं. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, तिला बरंच मागचं दिसतं, पण शेपटीच्या सरळ रेषेत उभं राहिलेलं माणूस दिसत नाही, हे शास्त्र मी नंतर शिकले. आबांना शास्त्र माहीत नव्हतं, लाथ माहीत होती. तिसरा नियम नुकत्याच व्यालेल्या गाईचा. एरवी कितीही गरीब असली तरी वासरू आणि ती यांच्या मधे उभं राहायचं नाही. वळीव कडाडायला लागला की माळावरच्या एकट्या झाडाखाली आसरा घ्यायचा नाही, हाही एक होता. माळावर एकटंच झाड असायचं, त्यामुळं पोरांना तो पाळणं फार अवघड जाई.

चाऱ्याचं ज्ञान याहून खोल होतं. ज्वारी कापल्यावर बुडख्याला पाऊस लागून जे कोवळे फुटवे येतात, किंवा पावसानं दडी मारल्यावर जी ज्वारी गुडघ्याएवढीच राहून पिवळी पडते, त्यात विष असतं. आमच्याकडं त्याला किराळ म्हणतात. भुकेलं जनावर त्यात घुसलं तर घटकाभरात थरथरून पडतं. सायनाइडचीच ही विषबाधा. दवाखान्याला निरोप पोचेपर्यंत बऱ्याचदा सगळं संपलेलं असतं, म्हणून इथं उपचारापेक्षा राखणाऱ्याचा डोळा महत्त्वाचा. पोरं ती ज्वारी लांबूनच ओळखत आणि कळप वळवून नेत. दव पडलेला लसूणघास रिकाम्या पोटी घातला तर पोट फुगतं, म्हणून आधी कडब्याच्या चार पेंढ्या. घाणेरीचा पाला खाल्लेली गाय उन्हात उभी राहिली की कातडी सोलते, म्हणून दुष्काळातसुद्धा त्या झुडपांपासून गुरं लांब ठेवायची. बैल औतावरून धापा टाकत आला की लगेच पाण्यावर न्यायचा नाही. हे सगळं कुणी फळ्यावर लिहिलं नाही. रोज चार वेळा ओरडून सांगितलं गेलं आणि अंगात भिनलं.

परीक्षा घेणाऱ्या दोन जागा होत्या, बाजार आणि कोंडवाडा.

खटाव तालुक्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा मार्गशीर्षात भरते. खिलार जनावरांचा हा मोठा बाजार. आटपाडीकडं खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा, तिथंही खिलारच. आबा मला पुसेगावला नेत तेव्हा आधी बोलू देत नसत, फक्त बघू देत. ओठ उचलून दात बघायचे. दुधाचेच दात असतील तर आदत, पुढचे दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, सगळे आले की जुळलेला. मग पाय, खूर, खांदा, चालताना टाच कशी पडते ते. दर ठरे तो रुमालाखाली, एकमेकांची बोटं दाबून. बाजारातून घरी आणलेल्या बैलाला आबा काही दिवस दावणीला बांधत नसत, वेगळ्या झाडाला बांधत. त्याची गव्हाण वेगळी, पाण्याची बादली वेगळी. आज आम्ही नवीन जनावर निदान तीन आठवडे वेगळं ठेवा म्हणून सांगतो. ते पुसेगावच्या बाजारातून आलेल्या शेतकऱ्यांना आपल्या अनुभवावरून कळलेलं होतं, कारण बाजारातून लाळ-खुरकूत गावात येताना त्यांनी पाहिली होती.

कोंडवाड्याचा कायदा 1871 चा, इंग्रज सरकारचा. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर शेतमालकानं धरायचं आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं. मालकानं दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून ते सोडवायचं. सात दिवसांत कुणी आलं नाही तर दवंडी, आणि पुढच्या सात दिवसांनी लिलाव. राखणारं पोर झाडाखाली झोपलं की घराला भुर्दंड. आपल्या जनावरानं केलेल्या नुकसानीला आपण जबाबदार आहोत, हे पोरांना याहून स्पष्ट कुणी शिकवलं नसेल. पण या शिक्षणात मोठा अन्यायही होता, आणि तो सांगितल्यावाचून पुढं जाता येत नाही. 1878 च्या जंगल कायद्यानंतर डोंगर आणि राखीव रानं गुरांना बंद होत गेली. गावाची चरायची जागा आक्रसली, गुरं तेवढीच राहिली. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यानं शेतकऱ्यांची गायरानं गिळल्याबद्दल संताप मांडला आहे. चरायला जागा नसताना गुरं पिकात जाणारच. दंड बसायचा तो घराला, आणि मार खायचं ते आठ-दहा वर्षांचं पोर.

ते पोर कुणाचं होतं, हाही प्रश्न आहे. घरची चार जनावरं राखणारं मूल वेगळं आणि कर्जापायी दुसऱ्याच्या दारात वर्षाच्या बोलीनं ठेवलेलं मूल वेगळं. या दुसऱ्या मुलाला पोटाला भाकरी आणि वर्षाकाठी अंगावर कपडा मिळे. त्याला कुणी पाठ वाट्यानं देत नसे आणि दात बघायला पुसेगावला नेत नसे. गुरं राखण्याच्या जुन्या दिवसांबद्दल गोड बोलणाऱ्यांनी या मुलांची आठवण ठेवावी. राखायला लावणं म्हणजे शिकवणं नव्हे. माझ्या आबांनी मला शिकवलं. त्याच माळावर आमच्या शेजारी उभ्या असलेल्या कितीतरी मुलांना फक्त राबवलं गेलं.

जे शिकवलं जाई त्यातही सगळं बरोबर नव्हतं. गाय व्याली की जार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, हा समज घरोघर होता. वासराला आईच्या पोटातून रोगप्रतिकार जवळजवळ मिळत नाही, तो मिळतो चिकातून, आणि आतड्याची तो शोषून घेण्याची ताकद पहिल्या काही तासांतच ओसरत जाते. जार पडायला कधी आठ-दहा तास लागतात. तोवर वासरू उपाशी, आणि नंतर चीक मिळाला तरी उपयोग थोडा. हगवणीनं वासरं मेली की दृष्ट लागली म्हणत. गाभडलेल्या गाईचा गर्भ आणि जार हातानंच उचलून उकिरड्यावर टाकत. त्यातून ब्रुसेल्ला माणसाला होतो, महिनोन्महिने ताप येतो, सांधे धरतात, आणि गावात त्याला कुणी गुरांचा रोग म्हणून ओळखत नाही. लंगड्या बैलाला तापल्या लोखंडाचे डाग देत. गोऱ्ह्यांचे अंड दगडानं ठेचून बडवत आणि ते बघायला लहान पोरांना जमवत. जनावराच्या दुखण्याकडं बघायची नजर अशा वेळी बोथट होते, असं मला लहानपणीही वाटत होतं आणि आजही वाटतं.

याच्या उलट टोकाला परळ होतं. दिनशा पेटिट यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या बाई साकरबाई पेटिट जनावरांच्या इस्पितळाच्या आवारात 1886 साली मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. तीनच वर्षांनी, 1889 मध्ये, पुण्यात जनावरांच्या रोगांच्या संशोधनाची प्रयोगशाळा निघाली. बुळकांडीसारख्या रोगाचे जंतू शहरात सांभाळणं धोक्याचं, म्हणून 1893 मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली गेली. बुळकांडीनं त्या काळात गोठेच्या गोठे रिकामे होत. देशभर लसीकरणाची मोहीम 1954 पासून चालली, देशातली शेवटची लागण 1995 मध्ये झाली, आणि 2011 साली हा रोग साऱ्या जगातून संपला. माणसानं जगातून हटवलेला हा दुसराच रोग, देवीनंतरचा. माझ्या आधीच्या पिढीतले पशुवैद्य आणि टोचणारे कर्मचारी सायकलवरून, पायी, वाड्यावस्त्यांवर फिरले म्हणून हे झालं. त्यांच्याबद्दल महाराष्ट्रात जेवढं लिहायला हवं होतं तेवढं कुणी लिहिलेलं नाही.

या मोठ्या यशात एक गोष्ट मात्र राहून गेली. सरकारी पशुवैद्यक बोललं ते सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषाशी. मी दवाखान्यात बसले तेव्हाही हेच. जनावर घेऊन येणारी बाई किंवा पोर. नोंदवहीत नाव घरधन्याचं. औषध कसं पाजायचं ते सांगायचं त्या धन्याला, जो त्या दिवशी बाजारला गेलेला असे. मी हे हळूहळू बदललं. गाईला कधीपासून रवंथ नाही, शेण पातळ आहे का, कासेला हात लावू देते का, हे मी सोबतच्या पोराला विचारू लागले. उत्तरं नेमकी मिळत, कारण दिवसभर तिच्यामागं तेच असे.

शाळा आणि गुरं यांचं हे भांडण सोडवण्याचा सगळ्यात धीट प्रयत्न माणदेशात झाला नाही. माणदेशात आपल्याला 'बनगरवाडी' मिळाली. व्यंकटेश माडगूळकरांची ही 1955 ची कादंबरी औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर गेलेल्या तरुण मास्तराची आहे, आणि मेंढरांमागं जाणारी मुलं शाळेत कशी आणायची हा त्या मास्तरासमोरचा पहिला पेच. प्रयत्न झाला तो पार उत्तरेला, डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 पासून जवळच्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम करत होत्या. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा तिथला प्रयोग. अंगणवाडी हे नाव पुढं सरकारी योजनेमुळं घरोघर पोचलं. 1957 च्या सुमारास त्या कोसबाडला आल्या आणि वारली पाड्यांवर काम सुरू झालं. इथं अडचण आणखी बिकट होती. मुलं सकाळीच गुरं घेऊन रानात जात आणि सांजेला परतत. अंगणात बसायला मुलंच नव्हती. तेव्हा शिक्षक शिकवायचं साहित्य घेऊन मुलं गुरं चारत तिथं जाऊ लागले. कुरणशाळा हे त्या प्रयोगाचं नाव. गुरं भोवती चरतायत, मुलांचं एक लक्ष तिकडं आणि एक इकडं. खडे, बिया, पानं, काड्या हेच मोजायचं साहित्य.

मला या प्रयोगाचं मोल फार वाटतं, आणि त्याचं कारण केवळ अक्षरओळख नाही. त्या काळातल्या साऱ्या शिक्षणव्यवस्थेनं गुरांना मुलाच्या वाटेतला अडथळा मानलं होतं. कोसबाडच्या या दोन बायकांनी प्रथमच मुलाचं काम हे त्याचं जग म्हणून मान्य केलं आणि शाळेलाच तिथवर चालायला लावलं. अनुताई स्वतः बालपणी विधवा झालेल्या, रात्रशाळेत शिकून पुढं गेलेल्या. शाळेची वेळ आणि जगण्याची वेळ जुळत नाही तेव्हा काय करावं लागतं, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. मात्र कुरणशाळेत गुरं भोवती होती, धड्यात नव्हती. वासराला चीक कधी पाजायचा हा धडा तिथंही नव्हता, आणि त्या प्रयोगाकडून तेवढी अपेक्षा करणंही योग्य नाही.

धड्यात जनावर आलं ते शिरूर तालुक्यातल्या पाबळला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांना हातानं काम करत विज्ञान शिकवायचं, ही त्यांची कल्पना. वेल्डिंग, वीज, बांधकाम यांच्या बरोबरीनं शेती आणि पशुपालन हाही अभ्यासाचा भाग. नंतर हाच अभ्यासक्रम माध्यमिक शाळांतही गेला. दूध देणाऱ्या जनावराला किती खुराक लागतो याचं गणित करताना मुलाला त्रैराशिक का शिकायचं ते कळतं. गणिताचा याहून चांगला धडा माझ्या पाहण्यात नाही.

या मधल्या काळात गोठाही बदलला होता. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला बाएफ संस्था काढली, परदेशी वळूंचं वीर्य वापरून संकरित गाई तयार होऊ लागल्या, 1970 नंतर दूध महापूर योजना आली. दूध वाढलं, कोरडवाहू घरात रोजचा पैसा आला. हे उपकार मोठे आहेत. पण संकरित गाय माळावर हिंडून जगत नाही. तिला सावली लागते, मोजका खुराक लागतो, गोचीडतापानं ती देशी गाईपेक्षा लवकर पडते, आणि कास सुजली तर दोन दिवसांत एक सड कायमचा जातो. आबांच्या ज्ञानातलं निम्मं इथं अपुरं पडलं. दुसरीकडं मुलं शाळेत जाऊ लागली, आणि ते फार चांगलं झालं, पण माळावरची शिकवणी बंद पडली. घरातला म्हातारा शिकवायचा थांबला आणि शाळेनं ते काम उचललं नाही. विदर्भात तान्हा पोळ्याला लहान मुलं लाकडी बैल सजवून फिरवतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची ही सुंदर चाल आहे. आमच्याकडं आषाढात बेंदूर असतो. बैलाचा मान राखायला हे सण शिकवतात. खुराची निगा, लस, जंतांचं औषध वर्षभर कुणीतरी शिकवावं लागतं.

माळावरची शिकवणी बंद पडल्याची किंमत 2022 मध्ये दिसली. गुरांचा लम्पी रोग राज्यभर पसरला, जनावरांचे बाजार बंद झाले, शर्यती थांबल्या, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना मोफत टोचली गेली. हा रोग माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. आजारी जनावर वेगळं बांधणं आणि गोठ्यातल्या माश्या कमी करणं हे कामाचं. मी निवृत्त असूनही गावोगाव गेले. सुशिक्षित तरुण मुलं गाठी आलेल्या गाईला इतर गाईंच्या दावणीलाच बांधून मोबाइलवर उपाय शोधत होती. दहावी-बारावी झालेली, शेळीपालन करायचं म्हणून कर्ज काढलेली ही मुलं मन लावून काम करणारी आहेत. त्यांना कुणी शिकवलंच नाही.

म्हणून आता शनिवारी जवळपासच्या शाळांत आठवी-नववीच्या मुलामुलींना मी हे शिकवते. पहिल्या दिवशी जनावराला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. रवंथ चालू आहे का, कान कसे आहेत, नाकपुडी ओलसर आहे का, श्वास पोटातून ओढतेय का. मग थर्मामीटर. गाईचा पारा 101.5 अंशांच्या आसपास, शेळीचा त्याहून थोडा वर. आपल्याला ताप वाटावा तेवढी त्यांची रोजची ऊब, हे ऐकून मुलं चकित होतात. मग आबांचा कासऱ्याचा नियम, जसाच्या तसा.

त्यानंतर जे आबांना माहीत नव्हतं ते. गाय लाळ गाळतेय, तिला गिळता येत नाही, म्हणून घशात काही अडकलं असेल असं समजून तोंडात हात घालायचा नाही. तिला पिसाळलेलं कुत्रं चावलेलं असू शकतं. असे हात घातलेली माणसं मी रेबीजच्या लसीसाठी धाडली आहेत. धडधाकट जनावर अचानक मेलं आणि नाका-गुदातून न गोठणारं रक्त आलं तर ते फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही. ती काळपुळी असू शकते, आणि तिचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. गाभडलेल्या जनावराला उघड्या हातानं शिवायचं नाही. कालवड चार ते आठ महिन्यांची असताना ब्रुसेल्लाची लस टोचून घ्यायची, ती आयुष्यात एकदाच. वासराला चीक जन्मल्यावर तासाभरात, जार पडो न पडो. औषध पाजताना जीभ ओढायची नाही आणि मान फार वर करायची नाही, नाहीतर औषध फुप्फुसात जातं. प्रत्येकाची एक वही. तिच्यात जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, लसींच्या तारखा, वेत, आजार, आणि मरतुक झाली तर तिचं कारण. लपवायचं नाही, ही अट मी आबांकडून जशी घेतली तशीच पुढं दिली आहे.

काही पालक विचारतात, मुलांना पुन्हा गुरांमागं लावायचं का? त्यांची भीती खरी आहे, तिच्यामागं इतिहास आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीला ठेवता येत नाही. बालमजुरी कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनं घरच्या कामात शाळा सुटल्यावर हातभार लावायला मुभा दिली आहे, तीही धोक्याचं काम वगळून. शाळा बुडवून राखण करायला लावणं आजही कायद्यात बसत नाही आणि ते बसताही कामा नये. पण ज्या घरात जनावर आहे त्या घरातलं मूल त्याच्याजवळ जाणारच. न शिकता गेलं तर ते स्वतःला दुखवेल, नाहीतर जनावराला.

शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे. वर्षातून निदान चार शनिवार तुमच्या भागातल्या पशुवैद्याला शाळेत बोलवा. बहुतेक जण आनंदानं येतील. आजारी जनावरासाठी 1962 हा मोफत नंबर वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि ज्या दिवशी मुलीच्या किंवा मुलाच्या हाती शेळीचं दावं द्याल, त्याच दिवशी लसींची वही आणि दवाखान्याचा नंबरही त्यांच्याच हाती द्या.